चुकीची उत्तरे खोडणारे यंत्र

क्वांटम संगणकाची ओळख करून देताना बहुतेक ठिकाणी एक वाक्य येतेच: साध्या संगणकातला बिट ० किंवा १ असतो, क्वांटम संगणकातला क्युबिट एकाच वेळी ० आणि १ दोन्ही असतो, म्हणून हा संगणक सगळी उत्तरे एकदम तपासून पाहतो. वाक्य सुटसुटीत आहे, लक्षात राहते, आणि त्याचा पहिला भाग ढोबळमानाने खराही आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. सगळी उत्तरे खरोखर एकदम तपासता आली असती, तर रेल्वेच्या वेळापत्रकापासून नव्या औषधाच्या शोधापर्यंत प्रत्येक अवघड प्रश्न या यंत्राने चुटकीसरशी सोडवला असता. तसे होणार नाही. त्याची ताकद दुसऱ्याच गोष्टीत आहे. चुकीच्या उत्तरांनी एकमेकांना खोडून काढावे आणि बरोबर उत्तर तेवढे उरावे, अशी मांडणी काही मोजक्या प्रश्नांत करता येते. ती कुठे जमते आणि कुठे जमत नाही, हे कळले की या विषयातले दावे, भीती आणि आशा आपापल्या जागी बसतात. सामान्य वाचकाला एवढे नक्की कळू शकते. या नावाखाली पुढच्या काही वर्षांत जो सार्वजनिक पैसा खर्च होणार आहे तो पाहता, कळायलाही हवे.

क्युबिट म्हणजे दोन ठळक अवस्था असलेली कोणतीही अतिसूक्ष्म व्यवस्था. विद्युतक्षेत्रात अधांतरी पकडून ठेवलेला एखादा आयन, प्रकाशाचा एक कण किंवा अतिथंड केलेल्या धातूचे छोटे विद्युत मंडल, यांपैकी काहीही चालते. त्याच्या दोन अवस्थांना आपण ० आणि १ म्हणतो. मापन केले की या दोहोंपैकी एकच काही हाती येते, अर्धवट काही कधीच मिळत नाही. मापनापूर्वी मात्र प्रत्येक अवस्थेशी एक संख्या जोडलेली असते, तिला आयाम म्हणू. आयामाचा वर्ग म्हणजे ती अवस्था मापनात दिसण्याची शक्यता. इथपर्यंत हा नाणेफेकीसारखाच मामला वाटतो. फरक पुढे आहे. शक्यता कधी शून्याखाली जात नाही, आयाम मात्र ऋणही असू शकतो. नाणे एकदा उडवले तर छापा-काट्याची शक्यता निम्मी-निम्मी, आणि पुन्हा उडवले तरी निम्मी-निम्मीच. क्युबिटवर करायची अशीच एक क्रिया आहे, तिला हॅडमार्ड म्हणतात. ० अवस्थेतल्या क्युबिटवर ती एकदा केली आणि मापले, तर ० आणि १ मिळण्याची शक्यता सारखी असते. पण मध्ये न मापता तीच क्रिया लागोपाठ दोनदा केली, तर दर वेळी, न चुकता, ० मिळतो. कारण असे, की शेवटी १ वर पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांचे आयाम अधिक अर्धा आणि उणे अर्धा आहेत, त्यांची बेरीज शून्य. ० वर पोहोचण्याचेही दोन मार्ग आहेत आणि दोन्हींचे आयाम अधिक अर्धा, त्यांची बेरीज एक. मार्गांनी असे एकमेकांना पुसणे किंवा बळ देणे यालाच भौतिकशास्त्रात व्यतिकरण म्हणतात, आणि क्वांटम संगणनाचा गाभा हाच आहे. पुढचे सगळे यावरच उभे आहे, म्हणून हे उदाहरण कागदावर मांडून पाहावे. त्याला बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही.

आता क्युबिट वाढवू. दोन क्युबिट एकमेकांशी असे जोडता येतात, की त्यांचे वर्णन सुटेसुटे करताच येत नाही. याला एंटँगलमेंट म्हणतात. त्यामुळे दोन क्युबिटांना चार आयाम लागतात, तिघांना आठ, आणि दर नव्या क्युबिटागणिक हा आकडा दुप्पट होतो. ३० क्युबिटांना १०७ कोटींहून अधिक आयाम लागतात, ५० क्युबिटांना अकराशे लाख कोटींहून अधिक. ३०० क्युबिटांसाठी लागणाऱ्या आयामांची संख्या दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजे संख्येलाही मागे टाकते. १९८१ साली अमेरिकेतल्या एमआयटीने भरवलेल्या एका परिषदेत रिचर्ड फाइनमन यांनी याच अडचणीवर बोट ठेवले होते. निसर्ग क्वांटमच्या नियमांनी चालतो आणि त्याची नक्कल साध्या संगणकावर करायला गेले की आकड्यांचा असा डोंगर उभा राहतो, तर मग संगणकच क्वांटमच्या नियमांनी चालणारा का बनवू नये, असा त्यांचा प्रश्न होता. पण या प्रचंड आकड्यांनी हुरळून जाण्याआधी त्यांची दुसरी बाजू पाहायला हवी. १९७३ मध्येच रशियन गणितज्ञ अलेक्झांडर होलेव्हो यांनी सिद्ध केले होते, की ५० क्युबिटांत माहिती कशीही भरली तरी मापनातून ५० बिटांपेक्षा जास्त माहिती बाहेर काढता येत नाही. आत आयाम कितीही असोत, मापताना हाती येते ती ० आणि १ यांची एकच ओळ, तीही यदृच्छेने निवडलेली. सगळी उत्तरे आत एकत्र नांदत असली आणि आपण नुसते मापले, तर त्यांतले कोणतेतरी एक हाती येईल, बहुधा चुकीचे. एवढ्यासाठी क्वांटम संगणक लागत नाही, डोळे मिटून चिठ्ठी उचलली तरी भागते.

म्हणून सगळे कौशल्य मापनापूर्वीच्या मांडणीत आहे. १९९४ मध्ये बेल लॅब्जमधल्या पीटर शोर यांनी ही मांडणी ज्या प्रश्नासाठी करून दाखवली, तो दिसायला शाळकरी आहे: दिलेल्या संख्येचे मूळ अवयव पाडा. मोठी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवता येते. त्यासाठीची पक्की आणि वेगवान रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. पण ती मूळ नाही हे कळल्यावर तिचे अवयव कोणते, हे शोधणे फार जड जाते. २५० अंकी एका संख्येचे अवयव २०२० मध्ये सापडले, तेव्हा प्रोसेसरच्या एका गाभ्याला सुमारे २७०० वर्षे लागतील एवढी गणना खर्ची पडली होती. इंटरनेटवरच्या व्यवहारांना संरक्षण देणारी आरएसए ही पद्धत याच अवघडपणावर उभी आहे, आणि तिथल्या संख्या सहसा ६१७ अंकी असतात. शोर यांनी जुन्या गणितातली एक गोष्ट हेरली. १५ हा आकडा घ्या. ७ चे लागोपाठचे घात काढून १५ ने भागत गेलो तर बाकी येते ७, ४, १३, १ आणि पुन्हा ७, ४, १३, १. हे आवर्तन चारचे आहे. चारच्या निम्मे दोन, ७ चा वर्ग ४९, त्याच्या अलीकडची संख्या ४८ आणि पलीकडची ५०. ४८ आणि १५ यांचा मसावि ३, ५० आणि १५ यांचा ५. अवयव मिळाले. म्हणजे आवर्तन सापडले की अवयव सापडतात. (प्रत्येक वेळी ७ सारखा सोयीचा आकडा मिळतो असे नाही, पण दोन-चार प्रयत्नांत मिळतो.) ६१७ अंकी संख्येत हे आवर्तन इतके लांब असते की एकेक बाकी तपासत जाणे अशक्य. पण आवर्तन ही लय आहे, आणि लय पकडणे हेच व्यतिकरणाला उत्तम साधते. शोर यांच्या रीतीत सगळ्या बाक्या एकत्र मांडल्या जातात, आणि मग त्या लयीशी न जुळणाऱ्या शक्यतांचे आयाम एकमेकांना पुसतात, जुळणाऱ्यांचे वाढतात. मापन त्यानंतर होते. वेग मिळतो तो या पुसण्यामुळे.

प्रश्नात अशी लय नसेल तर काय होते? याचे उत्तरही आपल्याकडे आहे, आणि या लेखाचा सगळ्यात भक्कम आधार तेच आहे. दिल्ली आयआयटीत शिकलेले लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये बेल लॅब्जमध्येच असताना दाखवले, की कोणताही क्रम नसलेल्या नोंदींच्या ढिगातून हवी ती नोंद शोधायला क्वांटम संगणकाला नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाएवढ्या पायऱ्या पुरतात. एक लाख कोटी नोंदी असतील तर सुमारे दहा लाख पायऱ्या. ही बचत मोठी आहे, पण तिच्यापुढे जाता येत नाही. चार्ल्स बेनेट, एथन बर्नस्टाइन, गिल्स ब्रासार आणि उमेश वझिरानी यांनी सिद्ध केले की निव्वळ धुंडाळण्याच्या कामात कोणतीही क्वांटम रीत यापेक्षा वेगवान असूच शकत नाही. सगळे एकदम तपासणारे यंत्र असते तर एका पायरीत काम झाले असते, दहा लाख पायऱ्या कशाला लागल्या असत्या? त्यातही क्वांटम यंत्राची एकेक पायरी आजच्या प्रोसेसरच्या मानाने संथ असते आणि चुका सुधारण्याचा बोजा तिच्यावर असतो. त्यामुळे कागदावरची वर्गमुळाची बचत प्रत्यक्षात बऱ्याचदा विरून जाते. मालवाहतुकीचे मार्ग किंवा कारखान्यातल्या पाळ्या ठरवण्यासाठी क्वांटम संगणक क्रांती करील, असे जिथे सांगितले जाते तिथे माझ्या मते पुरावा मागायलाच हवा.

यावर कोणी म्हणेल, की मग २०१९ च्या त्या बातमीचे काय? गूगलच्या सिकॅमोर या ५३ क्युबिटांच्या यंत्राने २०० सेकंदांत केलेल्या गणनेला महासंगणकाला १०,००० वर्षे लागतील, असा दावा तेव्हा झाला होता. ती गणना खरी होती आणि प्रयोग म्हणून महत्त्वाचीही होती. पण काम मुद्दाम त्यासाठीच रचलेले होते. क्युबिटांवर यदृच्छेने निवडलेल्या क्रिया करून येणाऱ्या ओळींचे नमुने गोळा करायचे होते, त्या उत्तराचा बाहेर उपयोग नव्हता. आयबीएमने लगेच म्हटले की १०,००० वर्षे नव्हे, अडीच दिवस पुरतील. २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी ५१२ ग्राफिक प्रोसेसर वापरून ते काम सुमारे १५ तासांत केले. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ग्राहकाला काय आवडेल याची शिफारस करणारी एक क्वांटम रीत २०१६ मध्ये मांडली गेली आणि ती साध्या संगणकापेक्षा कित्येक पटींनी वेगवान मानली गेली. २०१८ मध्ये युइन टँग या अवघ्या १८ वर्षांच्या विद्यार्थिनीने त्याच कामासाठी साध्या संगणकावर चालणारी जवळपास तितकीच समर्थ रीत शोधून तो फरक मिटवला. क्वांटम यंत्राची तुलना आजच्या साध्या रीतीशी होते, आणि साधी रीतही दरम्यान सुधारत असते. लयीसारखा खोल आधार जिथे आहे तिथेच हा फरक टिकण्याची आशा धरता येते.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट बाजूने येतो आणि तो अधिक गंभीर आहे. शोर यांची रीत येऊन तीस वर्षे उलटली. २००१ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सात क्युबिटांवर १५ चे अवयव पाडले, त्यानंतर अवयव पाडण्यात म्हणावी अशी मजल कोणी गाठलेली नाही. मग हा सारा फुगा तर नव्हे? या संथपणाचे कारणही व्यतिकरणातच आहे. आयामांनी एकमेकांना नेमके पुसावे यासाठी क्युबिटांची अवस्था बाहेरच्या जगापासून पूर्ण अलिप्त राहावी लागते. उष्णतेचा एक हेलकावा किंवा एखादी भरकटलेली लहर आली, तर बाहेरच्या जगाने मापन केल्यासारखेच होते आणि हिशोब विस्कटतो. म्हणून अतिवाहक, म्हणजे अतिथंड धातूच्या मंडलांच्या, क्युबिटांची चिप निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक-दोन शतांश अंशावर ठेवतात. अवकाशातली पोकळी याच्या शंभरपटींहून अधिक उबदार आहे. एवढे करूनही आजच्या चांगल्या यंत्रांत दोन क्युबिटांमधल्या हजार क्रियांमागे एक ते काही चुका होतातच, आणि अवयव पाडायला अब्जावधी क्रिया लागतात. साध्या संगणकात चुकीवर उपाय म्हणून माहितीच्या प्रती काढून ठेवतात. इथे तीही सोय नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढताच येत नाही हे १९८२ मध्ये सिद्ध झाले आहे. अनेकांनी तेव्हा या क्षेत्राची आशा सोडली असती तर नवल नव्हते. पण १९९५ मध्ये शोर यांनीच वाट काढली. एका क्युबिटातली माहिती नऊ क्युबिटांत विखरून ठेवायची आणि मापताना फक्त त्यांचे आपसातले नाते तपासायचे. नाते बिघडले की चूक कुठे झाली ते कळते, आणि मूळ माहितीला हात लागत नाही. मला ही या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

ती प्रत्यक्षात चालते का, याचे ठोस उत्तर मिळायला जवळजवळ तीन दशके लागली. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने विलो या १०५ क्युबिटांच्या चिपवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माहिती ३ गुणिले ३, मग ५ गुणिले ५, मग ७ गुणिले ७ अशा वाढत्या जाळ्यांत विखरत नेली, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर चुकांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. याआधी क्युबिट वाढवले की बहुधा चुकाही वाढत. आकार वाढवल्याने चुका घटणे ही पुढच्या सगळ्या बांधकामाची पूर्वअट होती. दुसरीकडे गरजही कमी होते आहे. ६१७ अंकी संख्या फोडायला सदोष क्युबिट किती लागतील, याचा २०१९ मधला एक प्रतिष्ठित अंदाज २ कोटींचा होता. त्या अंदाजाचे एक लेखक क्रेग गिडनी यांनी मे २०२५ मध्ये तो १० लाखांच्या आत आणला. आजची मोठी यंत्रे हजाराच्या आसपास क्युबिटांची आहेत, म्हणजे दरी अजून मोठी आहे. पण ती दोन्ही काठांकडून भरत चालली आहे, आणि फुग्याचे लक्षण असे नसते.

या यंत्राचा सर्वांत लोकोपयोगी वापर कदाचित फाइनमन यांनी सुचवलेलाच ठरेल, रेणूंचे गणित. हरभरा किंवा तुरीच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन साध्या मातीच्या तापमानाला पकडतात. आपले खतकारखाने तेच काम हाबर-बॉश पद्धतीने ४०० अंश सेल्सियसच्या वरच्या तापमानात आणि शेकडो वातावरणांच्या दाबाखाली करतात, आणि जगाच्या एकूण ऊर्जेपैकी एक-दोन टक्के त्यात जाते. जिवाणूंच्या विकरात लोह आणि मॉलिब्डेनम यांचा जो छोटासा पुंजका हे घडवतो, त्यातले इलेक्ट्रॉन परस्परांत इतके गुंतलेले आहेत की साध्या संगणकावर त्यांचा अचूक हिशोब अतिशय अवघड होतो. इथे आयामांचा डोंगर आपण कृत्रिमरीत्या उभा केलेला नाही, तो प्रश्नातच आहे. म्हणून क्वांटम यंत्राला इथे खरा वाव आहे. मात्र हे सगळ्या रसायनशास्त्राला लागू नाही. बहुसंख्य रेणूंचे गणित आजच्या रीतींनी पुरेसे चांगले होते.

आपल्या देशाचा या कामातला वाटाही असाच, दावे आणि वस्तुस्थिती वेगळी करून, जोखावा. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटांची यंत्रे, हे त्यातले एक उद्दिष्ट आहे. संगणनाचे केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे, तर क्वांटम संवेदकांचे मुंबईच्या आयआयटीत. ऑगस्ट २०२४ मध्ये कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्यातली डीआरडीओची क्वांटम प्रयोगशाळा यांनी टीसीएसच्या साथीने सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. जगात हजार क्युबिट असताना सहांचे कौतुक कशाला, असे विचारले जाते. सहा क्युबिटांचे ६४ आयाम कोणताही मोबाइल सांभाळील, हे खरेच आहे. पण या चिपकडून गणनेची अपेक्षा नव्हतीच. क्युबिट कुलाब्यात आखले आणि घडवले गेले, त्यांना चालवणारी आणि मापणारी यंत्रणा पुण्याच्या प्रयोगशाळेने जुळवली, आणि दूरवरून पाठवलेला प्रोग्राम त्यावर चालून उत्तर परत आले. निरपेक्ष शून्याजवळच्या तापमानात चालणारी मंडले घडवण्याचा आणि सूक्ष्म लहरींनी ती हाताळण्याचा हात असा चिप बनवूनच बसतो, नुसत्या वाचनाने बसत नाही.

कूटलेखनाच्या बाबतीत मात्र यंत्राची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे. आज कोणी चोरून साठवलेला सांकेतिक मजकूर पंधरा-वीस वर्षांनी उलगडता येऊ शकतो, आणि आजार, जमीन, संरक्षण यांविषयीच्या नोंदी तोवर शिळ्या होत नाहीत. सगळेच कूटलेखन कोसळणार आहे असे नाही. एकाच गुप्त किल्लीवर चालणाऱ्या एईएससारख्या पद्धतींत आवर्तनाची लय नाही, तिथे फक्त ग्रोव्हर यांची वर्गमुळाची बचत लागू होते, आणि २५६ बिटांची किल्ली तिला पुरून उरते. बदलायच्या आहेत त्या आरएसएसारख्या पद्धती. त्यांच्या जागी वापरायच्या तीन पद्धतींची मानके अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली. त्या आजच्याच संगणकांवर आणि फोनवर चालतात. या नव्या पद्धती तरी अभेद्य कशावरून, हा रास्त प्रश्न आहे. एनआयएसटीच्या निवडप्रक्रियेत पुढे आलेली साइक ही पद्धत २०२२ मध्ये साध्या संगणकाच्या एकाच गाभ्यावर तासाभरात फुटली होती. तिच्यात एक रचना दडलेली होती, ती तोवर कोणाच्या लक्षात आली नव्हती. आता निवडलेल्या पद्धतींतल्या दोन बहुमितीय जालकांच्या गणितावर उभ्या आहेत. त्या गणितात व्यतिकरणाला पकडता येईल अशी लय अजून कोणाला सापडलेली नाही, पण ती नाहीच असेही कोणी सिद्ध केलेले नाही. म्हणूनच मार्च २०२५ मध्ये एनआयएसटीने जालकांशी संबंध नसलेल्या, चूक-दुरुस्तीच्या संकेतांच्या गणितावर बेतलेल्या एचक्यूसी या पद्धतीची राखीव म्हणून निवड केली.